कॉफीचे रात्रभर भिजवलेले ओट्स, जायफळ घालून: तुमचं प्रमाण काय?

कावेरी_बदलापूर
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी नर्स आहे. सकाळपाळी असली की सातला वॉर्डात हजर राहावं लागतं, म्हणजे पावणेसहाच्या आसपासची गाडी. कित्येक वर्षं त्या दिवसांची माझी न्याहारी म्हणजे ओट्याशी उभ्या उभ्या घेतलेली कपभर कॉफी. मग थेट अकराला डबा. दहाच्या सुमाराला पोटात आग पडायची, हात थरथरायचे, आणि नेमका तेव्हाच राउंड सुरू असायचा. पेशंटला आम्ही सांगतो, रिकाम्या पोटी राहू नका. मग स्वतःकडे बघायचं ठरवलं.

रात्री भिजवून ठेवलेले ओट्स एका सहकारी मुलीच्या डब्यात पाहिले होते. तिचे साधे होते, दूध आणि सफरचंद. मला कॉफी सोडायची नव्हती. त्यामुळे दोन्ही एकाच बरणीत आणायचा प्रयत्न सुरू केला. आज दोन महिने झाले, वहीत सगळं लिहून ठेवलंय. सध्या जे प्रमाण बसलंय ते देते.

ओट्स जाड, साधे, रोल्ड. ४० ग्रॅम, म्हणजे मध्यम वाटी जेमतेम पाऊण भरते. रविवारी अख्खं पाकीट कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडंच भाजते. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त वास फिरला पाहिजे. भाजणी करताना ज्वारी तापली की जो पहिला वास येतो ना, तो आला की गॅस बंद. गार करून डब्यात. हे भाजणं मी आधी करत नव्हते. केल्यापासून चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडलाय, आणि चिकटपणाही कमी झाला.

कॉफी: इन्स्टंट पावडर एक सपाट चमचा, दोन मोठे चमचे कडक गरम पाण्यात. त्यातच सुपारीएवढा गूळ आणि चिमटीच्या टोकावर येईल इतकंच मीठ. मग जायफळ. सहाणेवर दोन वळसे, तिसरा नाही. हे सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं.

गार झालं की त्यात तापवून गार केलेलं १०० मिली दूध, दोन चमचे ताजं दही, एक छोटा चमचा चियाचं बी, आणि भाजलेले ओट्स. ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत ढवळायचं. दुसऱ्यांदा ढवळणं विसरलं तर चिया तळाला गोळा होऊन बसतो आणि सकाळी वर पाणी, खाली गठ्ठा. झाकण लावून फ्रीजमध्ये. सकाळी वरून अर्धं केळं आणि चार बदाम.

जायफळाचं सांगते. माहेरी पाहुणे आले की चहा नाही, कॉफी व्हायची. आई दूध उतू जाऊ न देता एका हाताने ढवळायची आणि दुसऱ्या हाताने सहाणेवर जायफळ फिरवायची. तो वास माजघरापर्यंत आला की आम्हाला कळायचं, बाहेर कोणीतरी आलंय. पहिल्यांदा ओट्समध्ये जायफळ घातलं आणि सकाळी साडेपाचला बरणीचं झाकण उघडलं, तेव्हा क्षणभर हात थांबला माझा.

आता अडचणी. एक, दोन दिवसांचं एकदम केलं तर दुसऱ्या दिवशीची बरणी कडू आणि आंबट लागते. दोन, फिल्टर कॉफीचा अर्क वापरायचा तर किती? तीन, दही गरजेचं आहे का? तुमचं प्रमाण सांगा.

---

शलाका
रविवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. फोटो हवा होता ताई.

भाजून घेण्याचं पहिल्यांदाच ऐकते आहे, उद्याच करते.

---

बंगळूरचा_बाप्या
रविवार, रात्री १०:३२

कावेरीताई, अर्काचं मी सांगतो. इथे येऊन चौदा वर्षं झाली. घरात स्टीलचा फिल्टर रोज लागतो, आणि गेली दोन वर्षं आठवड्यातून तीनदा हेच ओट्स.

एका बरणीला ३० मिली अर्क, म्हणजे दोन मोठे चमचे. पण पहिल्या उताऱ्याचा हवा. फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन चमचे पूड, चकती हलकेच दाबून बसवायची, त्यावर उकळतं पाणी. घट्ट दाबून बसवली तर थेंबही पडत नाही, सैल ठेवली तर पाणी पळून जातं आणि खाली रंगीत पाणी जमतं. वीस मिनिटांनी खालच्या भांड्यात जो काळा, दाट अर्क उतरतो तो ओट्सचा. वर पुन्हा पाणी घालून काढलेला दुसरा उतारा घातला तर चव येतच नाही, नुसते ओट्स पातळ होतात.

मी रात्रीची जेवणं झाली की फिल्टर लावतो. भांडी घासून, ओटा पुसून होईपर्यंत अर्क तयार असतो आणि गारही होत आलेला असतो.

पूड घेताना पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, प्रमाण बघा. छापणं बंधनकारक आहे. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते, म्हणजे काही पाकिटांत जवळपास अर्धी चिकोरी असते. गरम दुधात ती छान लागते, दाटपणा येतो. पण ओट्स स्वतःच दाट असतात, आणि गार झाल्यावर चिकोरीचा जळकट कडूपणा पुढे येतो. ओट्ससाठी मी ८०:२० च्या पुढे जात नाही. शक्य असेल तेव्हा शुद्ध कॉफीच.

आणि कृपा करून कोणी फिल्टरची पूड थेट ओट्समध्ये घालू नका. ती विरघळत नाही. माझ्या भावाने केलं होतं, दाताखाली वाळू आल्यासारखं लागलं आणि सगळं टाकावं लागलं.

---

निषाद_पुणे
रविवार, रात्री ११:१०

गूळ आणि दूध? फाटत नाही का?

---

कावेरी_बदलापूर
रविवार, रात्री ११:२१

निषाद, गरम दुधात फाटतं कधी कधी. म्हणून गूळ कॉफीच्या पाण्यात विरघळवते आणि दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करते. दोन महिन्यांत एकदाही फाटलं नाही.

बाप्यादादा, मनापासून आभार. चिकोरीचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्या घरातलं पाकीट आत्ता बघून आले, ४० टक्के चिकोरी निघाली.

---

झुरिचवाली
सोमवार, पहाटे २:१५

इथे अजून रात्र आहे, त्यामुळे निवांत लिहिते.

तुम्ही जे करताय त्याचा उगम मी राहते त्याच गावातला आहे. माक्सिमिलियन बिर्शर-बेन्नर हे इथले डॉक्टर. १९०४ साली त्यांनी झुरिचबर्ग टेकडीवर आपलं आरोग्यधाम उघडलं. तिथे ते रुग्णांना भिजवलेले ओट्स आणि किसलेलं सफरचंद द्यायचे. त्यालाच पुढे बिर्शर म्यूस्ली म्हणायला लागले. गंमत अशी की मूळ पाककृतीत ओट्स अगदी थोडे असायचे. एक मोठा चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात रात्रभर भिजवायचे, आणि खरा जेवणाचा भाग म्हणजे अख्खं सफरचंद, सालीसकट, बियांसकट किसलेलं. वर लिंबाचा रस, सुकामेवा आणि आटवलेलं गोड डब्यातलं दूध. ताजं दूध नाही, कारण त्या काळी दुधातून क्षयाचे जंतू येण्याची भीती होती.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इथे अजूनही कित्येक घरांत म्यूस्ली रात्रीचं जेवण म्हणून खातात. माझी शेजारीण, वय ८१, आठवड्यातून दोन संध्याकाळी एक वाडगा म्यूस्ली, पाव-लोणी आणि सोबत दुधाची कॉफी घेते. म्हणजे कॉफी आणि ओट्स एकाच टेबलावर इथे आधीपासून आहेत, कावेरीने फक्त एका बरणीत घातले.

दह्याबद्दल: इथे बहुतेक सगळे घालतात. दह्याने ओट्सना जी आंबूस चव येते तिच्यामुळे गोड कमी घातलं तरी चालतं. पण मी दही सकाळी घालते. तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या आंबटपणाचं कारण बहुधा तेच असावं. दही फ्रीजमध्येही हळूहळू आंबटच होत जातं, आणि कॉफीचा सुगंध मात्र दिवसागणिक उडत जातो. सुगंध गेला की उरतो तो कडूपणा.

---

अण्णा_सांगलीकर
सोमवार, सकाळी ७:०२

कावेरीबाई, तुमचं कष्टाचं काम बघता तुम्ही पोटाकडे लक्ष देताय हे फार बरं केलंत.

एक सुचवतो, राग मानू नका. दही आणि केळं एकत्र नको, असं आयुर्वेदात विरुद्ध आहारात सांगितलेलं आहे. माझ्या आईनेही ते कटाक्षाने पाळलं. शिकरण करायची ती दुधातलीच, दह्यात केळं कधी नाही. तुम्ही पोटातल्या आगीचं लिहिलंत म्हणून सांगतोय. केळ्याऐवजी खजूर घालून बघा. दोन खजूर, बिया काढून, बारीक चिरून रात्रीच घालायचे. ते भिजून मऊ होतात आणि गुळाचं कामही करतात.

दुसरं, ओट्सच का? आपल्याकडे ओट मुख्यत्वे जनावरांच्या चाऱ्यासाठी घेतात. आमच्या भागात गाईंना घालतात. ज्वारीचे पोहे आहेत, जाडे पोहे आहेत, सातूचं पीठ आहे. हे वाईट म्हणून नाही, आपल्या मातीतलं करून बघावं या इच्छेने विचारतोय.

---

स्नेहल_डाएट
सोमवार, सकाळी ८:४५

मी आहारतज्ज्ञ आहे. अण्णांचा प्रश्न रास्त आहे म्हणून नीट लिहिते.

ओट्समध्ये बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो. भिजल्यावर जो बुळबुळीत दाटपणा येतो तो त्याचाच. तो आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवीन पित्ताम्लं तयार करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. त्यामुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं पाकिटावर लिहायला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ साली परवानगी दिली. कावेरीच्या ४० ग्रॅममध्ये साधारण दीड ग्रॅम मिळतं, म्हणजे निम्मं. ज्वारीत आणि पोह्यांत हा तंतू नगण्य असतो. ज्वारी त्यामुळे कमी ठरत नाही, तिचे फायदे वेगळे आहेत. पण रात्री भिजवून सकाळी दाट, थंड, चमच्याने खाता येईल असं काही हवं असेल तर तो गुण ओट्सचाच.

आता एक महत्त्वाची गोष्ट, विशेषतः इथल्या बायकांसाठी. थायरॉईडची गोळी सकाळी घेत असाल तर ती साध्या पाण्यासोबत घ्या आणि हे ओट्स किमान अर्ध्या तासाने, शक्यतो तासाने खा. कॉफीने ती गोळी नीट शोषली जात नाही. तंतू आणि दुधातलं कॅल्शियमही आड येतं. या बरणीत तिन्ही एकत्र आहेत. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, त्या कॉफीच्या जवळपास नकोत.

कॅफिनचं म्हणाल तर एक चमचा इन्स्टंटमध्ये साधारण ६० मिलिग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत ठीक मानतात, गरोदरपणी २००. दिवसभरातला चहाही यात धरायचा.

---

मीनल_टी
सोमवार, सकाळी ९:१२

स्नेहलताई, तुम्हाला कसं सांगू. मी गोळी घेतल्यावर दहाव्या मिनिटाला कॉफी घेते, सहा वर्षं. दर वेळी रिपोर्ट आला की डोस वाढतो. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

---

स्नेहल_डाएट
सोमवार, सकाळी ९:३०

मीनल, डोस स्वतःहून कमी-जास्त करू नकोस. आजपासून फक्त वेळ पाळ, आणि सहा-आठ आठवड्यांनी डॉक्टरांना सांगून तपासणी कर. वेळ बदलली आहे हे त्यांना आवर्जून सांग, कारण गोळी नीट शोषली जायला लागली तर आत्ताचा डोस जास्त होऊ शकतो.

---

कावेरी_बदलापूर
सोमवार, दुपारी ३:५०

आत्ता घरी आले. मीनल, तुझा प्रतिसाद गाडीत वाचला आणि फार वाटलं. स्नेहल म्हणते तसंच कर. आम्ही वॉर्डात गोळी देताना 'उपाशीपोटी' एवढंच सांगतो. कॉफीही त्यात येते हे वेगळं सांगायला हवं. उद्यापासून मी सांगणार.

अण्णा, राग कसला. खजूर आजच आणले. खरं सांगायचं तर केळं सकाळी कापून घालायला तीन मिनिटं जायची, आणि अकरापर्यंत डब्यात ठेवलं तर काळं पडायचं. खजूर रात्रीच जाणार म्हणजे माझी सकाळ आणखी सुटसुटीत.

---

होस्टेल_३०४
सोमवार, रात्री ८:१५

माझ्याकडे फ्रीज नाही. नागपूरला शिकतो. खोलीत रात्रभर ठेवलं तर चालेल का? इंडक्शन आहे.

---

कावेरी_बदलापूर
सोमवार, रात्री ८:२८

नाही रे बाळा, दूध घालून बाहेर अजिबात ठेवू नकोस. नागपूरच्या उन्हाळ्यात तर तासाभरातही जोखीम आहे. नुसत्या पाण्यात भिजवले तरी रात्रभरात आंबतात.

तू सकाळी कर. भाजलेले ओट्स डब्यात. उठल्याबरोबर कपभर कडक काळी कॉफी कर, उकळती ओट्सवर ओत, ताट झाकून ठेव आणि आंघोळ करून ये. वीस मिनिटांत पुरेसे फुगतात. मग वरून गार दूध आणि खजूर. थंड लागणार नाही, कोमट लागेल, पण पोट भरेल. मीठ विसरू नकोस.

---

बंगळूरचा_बाप्या
सोमवार, रात्री ९:०३

मिठाबद्दल कावेरीताईंनी दोनदा लिहिलंय, आणि मला वाटतं धाग्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच आहे. मीठ कडूपणा दाबतं. खारट लागेल इतकं नाही, जाणवणारही नाही इतकंच. थंड पदार्थात गोडी जिभेला कमी कळते, त्यामुळे गरम कॉफीला पुरणारी साखर ओट्सना अपुरी वाटते आणि माणूस आणखी गोड घालत सुटतो. मी काल मीठ घालून गूळ निम्मा केला. बायकोला फरक कळला नाही, उलट म्हणाली आज कॉफी चांगली आहे.

---

मेळघाटी
मंगळवार, सकाळी ६:५५

कॉफीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी अमरावतीचा. कॉफी म्हटलं की सगळे चिकमगळूर, कूर्गकडे बघतात, आणि बरोबरच आहे, देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी कर्नाटकातच होते. पण आपल्या महाराष्ट्रातही कॉफी होते, आमच्या चिखलदऱ्याला. उंची ११०० मीटरच्या थोडी वर, पाऊस आणि सावली आहे. इंग्रजांच्या काळातली लागवड. फार नाही होत, पण हिवाळ्यात गेलात तर झुडपांवर लाल फळं बघायला मिळतात. लहानपणी आम्ही ते फळ तोंडात टाकून वरचा गोडसर गर चोखायचो आणि बी फेकून द्यायचो. बीचीच कॉफी होते हे नंतर कळलं.

मागच्या महिन्यात तिथून पाव किलो आणली. घरीच दळली. या धाग्यातल्या मापाने ओट्स केले. मला आवडले. जायफळ मात्र आमच्याकडे कॉफीत नसतं, वेलची असते, म्हणून वेलची घातली.

---

दापोलीची_सुमा
मंगळवार, सकाळी १०:२०

जायफळावर बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्या नारळ-पोफळीच्या बागेत जायफळाची झाडं आहेत. इथल्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाची जातही काढली आहे. फळ पिकलं की आपणहून उकलतं, आत काळपट बी आणि तिच्याभोवती लालभडक जाळी, ती जायपत्री. वरच्या सालीचं आम्ही लोणचं घालतो.

कावेरीने 'दोन वळसे, तिसरा नाही' लिहिलंय ते अगदी योग्य. जायफळ जास्त झालं की गुंगी येते, मळमळतं. ओट्स रात्रभर मुरतात, त्यामुळे संध्याकाळी कमी वाटलं तरी सकाळी वास चढलेला असतो. आणि पूड विकत आणू नका. अख्खं जायफळ आणा, हातात घेऊन हलवून बघा, जड लागलं पाहिजे. हलकं असेल तर किडीने आतून पोखरलेलं असतं.

---

निषाद_पुणे
मंगळवार, दुपारी १:४०

आज केलं. चव चांगली, पण पार लगदा झाला. चमचा उभा राहत होता. मी पाकिटावर 'क्विक' लिहिलेले ओट्स घेतले होते. तेच कारण का?

---

स्नेहल_डाएट
मंगळवार, दुपारी २:०५

हो. त्यांचे दाणे तुकडे करून पातळ लाटलेले असतात, पाणी लगेच आत शिरतं आणि स्टार्च बाहेर येतो. रात्रभरात त्यांची पेज होते. आहेत ते संपवायचे असतील तर सकाळी वीस मिनिटं भिजव. स्टील-कट, म्हणजे न लाटता नुसते कापलेले दाणे, याच्या उलट, ते रात्रभर भिजूनही दाताला लागतात, त्यांना आधी पाच मिनिटं शिजवावं लागतं.

---

अण्णा_सांगलीकर
बुधवार, सकाळी ७:३०

मंडळी, मी काल रात्री दोन बरण्या केल्या. एक ओट्सची, एक ज्वारीच्या पोह्यांची. दूध, कॉफी, मीठ, खजूर, जायफळ सगळं सारखं.

खरं ते सांगतो. ज्वारीच्या पोह्यांची बरणी सकाळी पातळ निघाली. पोहे फुगले होते पण दूध वेगळं आणि पोहे वेगळे, ते एकजीव होत नाहीत. स्नेहलताई म्हणाल्या तो दाटपणा त्यांना नाहीच. ओट्सची बरणी बासुंदीसारखी दाट झाली होती. सौभाग्यवतींनी मग ज्वारीच्या बरणीत एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड घातली आणि दहा मिनिटं ठेवलं. त्याने बराच फरक पडला. जवसाचा खमंग वास कॉफीबरोबर फार चांगला लागतो, हे आम्हाला नव्याने कळलं. चिया महाग वाटत असेल त्यांनी जवस वापरावा.

ओट्सही आवडले, हे मान्य करतो. आता आठवड्यातून दोनदा ओट्स, दोनदा ज्वारी असं ठरलंय.

---

शलाका
बुधवार, सकाळी ११:१५

अण्णा, जवसाची कल्पना अप्रतिम. +१

माझ्या मुलीला, वय ९, हवंय. तिला कॉफी द्यायची नाही. काय करू?

---

झुरिचवाली
बुधवार, दुपारी ४:३०

कोको पावडर अर्धा चमचा आणि जायफळाचा एकच वळसा. आणि सफरचंद किसून घाल, तिला मूळ पदार्थ खाल्ल्याचं सांग. माझी मुलगी याच्यावरच वाढली.

---

कावेरी_बदलापूर
पुढचा रविवार, रात्री ८:५०

आठवडाभर सगळ्यांच्या सूचना पाळून केलं, ते नोंदवते.

दही आता सकाळी, निघताना, एक चमचा वरून. दुसऱ्या दिवसाची बरणी आंबट झाली नाही. पण झुरिचवालीने सुगंधाबद्दल लिहिलंय ते पटलं, म्हणून दोन दिवसांचे ओट्स दुधात एकदम भिजवते आणि कॉफी रोजची रोज घालते. अर्क वेगळ्या छोट्या बाटलीत असतो, सकाळी दोन चमचे घालून ढवळलं की झालं. दोन दिवसांच्या पुढे मात्र ठेवत नाही. मध्ये वीज गेली होती चार तास, तेव्हाची बरणी टाकून दिली.

फिल्टर आणला, पितळेचा. मंगळवारी अर्क उतरायला तासभर लागला, चकती फार दाबली होती. बाप्यादादांचं वाचून बुधवारी हलकी बसवली, वीस मिनिटांत झाला. चिकोरी २० टक्क्यांवर आणली. गूळ बंद, दोन खजूर पुरतात. मीठ आणि जायफळ आहे तसंच.

या आठवड्यात पाच सकाळपाळ्या होत्या. गाडी अंबरनाथ सोडते तोवर बसायला जागा मिळालेली नसते, पण छोटी बरणी आणि चमचा उभ्यानेही जमतो. दहाच्या राउंडला हात स्थिर होते. पाचही दिवस.

काल आई आली आहे राहायला. रात्री मी बरणी भरत होते तर तिने सहाण माझ्या हातून घेतली आणि म्हणाली, "जायफळ असं आडवं नाही धरायचं, टोकाकडून धर, म्हणजे बारीक उगाळलं जातं." दाखवलंही. ओट्सवर तपकिरी धूळ बसली, अगदी पिठासारखी. उद्यासाठी दोन बरण्या आहेत फ्रीजमध्ये.

---

मीनल_टी
पुढचा रविवार, रात्री ९:१५

गोळी साडेपाचला, बरणी पावणेसातला. सात दिवस झाले. तपासणीची तारीख घेतली आहे, तेव्हा इथे येऊन सांगेन.

ताई, टोकाकडून म्हणजे देठाची बाजू का?

---

दापोलीची_सुमा
पुढचा रविवार, रात्री ९:४०

नाही गं, देठाची बाजू बोटांत धरायची, निमुळतं टोक सहाणेवर टेकवायचं. आणि सहाण कोरडी हवी. ओल्या सहाणेवर त्याचा लेप होतो, तो बाळगुटीला. कॉफीला कोरडीच.